हिरडीच्या गोळ्या आणि माणिकभाऊंची अब्रू

हिरड्यांतून रक्त येणं ही जगाला सांगण्यासारखी गोष्ट नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. पण संग्रामपूरच्या आमच्या कॉलनीत माणसाने चूळ भरताना जरा जास्त वेळ लावला, तरी भिंतीपलीकडून विचारणा होते.

"काय झालं हो हिवाळे? रक्तगिक्त येऊन राह्यलं का?"

हे उत्तमराव. निवृत्त केंद्रप्रमुख. नोकरीत असताना ते बारा शाळांवर लक्ष ठेवत आणि निवृत्तीनंतर ती सगळी शक्ती त्यांनी आमच्या अंगणावर लावली आहे. मी घाईने भिंतीकडे पाठ केली, पण चूळ गुलाबी होती आणि ती त्यांनी पाहिली होती. दहा मिनिटांत कॉलनीभर झालं की पंचायत समितीतल्या हिवाळेसाहेबांचे दात चालले.

मी पंचवीस वर्षं आस्थापना शाखेत आहे. कोण कधी रुजू झालं, कोण किती दिवस रजेवर होतं, कोणाची वेतनवाढ कशामुळे अडली, या सगळ्या नोंदी माझ्या हातच्या. अशा माणसाच्या तोंडाची नोंद शेजाऱ्यांनी परस्पर करावी हे मला फार लागलं. पण कोण विचारतो? सकाळी उत्तमराव बाभळीची काडी घेऊन हजर. ती मी चावली, तर गुलाबीची लाल झाली. दुपारी कार्यालयात शिपायाने तुरटी सुचवली, तिच्यामुळे जीभ दुपारभर टाळ्याला चिकटून बसली आणि एका ग्रामसेवकाला मी रागावलो आहे असं वाटून तो बिचारा न बोलता निघून गेला. संध्याकाळी कोणीतरी हळद आणि मोहरीचं तेल पाठवलं. ते लावून मी आरशात पाहिलं आणि आरसा पालथा घातला.

शेवटी एका रविवारी पेरू खाताना खालचे समोरचे दोन दात माझ्यादेखत हलले. पेरू पिकलेला होता, हे मुद्दाम सांगतो.

"आता तरी खामगावले जाता का?" सुवर्णा म्हणाली. "का सगळे दात हातात आल्यावर जासान?"

सुवर्णा म्हणजे आमची मंडळी. तिचा प्रश्न हा प्रश्न नसतो. मी गुरुवारी किरकोळ रजा टाकली आणि एसटीने खामगावला गेलो.

दातांच्या डॉक्टर मयुरी माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला आडवं केलं, तोंडात दिवा सोडला आणि एका टोकदार सळईने दाताच्या मुळाशी टोचत टोचत मदतनीस बाईंना आकडे सांगायला सुरुवात केली. "पाच. सहा. सहा. सात. पाच." मला मनातून बरं वाटलं. दहापैकी सात म्हणजे काही वाईट नाही.

"काका, हे मिलिमीटर आहेत," त्या म्हणाल्या. "हिरडी दातापासून इतकी सुटली आहे. तीनपर्यंत ठीक असतं."

माझा उत्साह तिथेच मावळला. मग त्यांनी हिरडीत सुया टोचून एक बाजू बधिर केली आणि हिरडीच्या आतलं, मुळाला धरून बसलेलं कीटण तासभर खरवडलं. दुसरी बाजू पुढच्या बुधवारी. बरोबर सात दिवसांच्या दोन प्रकारच्या अँटिबायोटिक गोळ्या, दिवसातून तीनदा, आणि जंतू मारायचं गुळण्यांचं औषध. "खरं काम ही सफाई करते," त्यांनी बजावलं. "गोळ्या नुसत्या मदतीला आहेत. पण घ्यायच्या तर पूर्ण घ्यायच्या. दारू घेता का?"

बधिर ओठांनी मला जेवढं ताठ बोलता आलं तेवढं बोललो. "मॅडम, आम्ही रोज पंचशील म्हणणारी माणसं. त्यातलं पाचवं शील कोणतं हे माहीत असेलच तुम्हाला."

"छानच. यातल्या एका गोळीबरोबर दारू चालत नाही. उलट्या होतात, छाती धडधडते, तोंड लाल होतं. म्हणून सांगते."

सांगितलं त्यांनी. मी ते ऐकलंही. पण अर्जातलं जे कलम आपल्याला लागू नाही त्यापुढे 'निरंक' लिहून पुढे जायचं, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. मी मनात 'निरंक' लिहिलं आणि एसटी पकडली.

गुळण्यांच्या औषधाने पहिल्या दिवशीच माझी चव घालवली. शुक्रवारी सुवर्णाच्या हातून वांग्याच्या भाजीत मीठ राहिलं आणि मी ती दोनदा मागून घेतली, वर चांगली झाली म्हणालो. तिला फार आनंद झाला, पण स्वतः जेवायला बसून पहिला घास घेतल्यावर तिने मिठाचा डबा माझ्यापुढे आपटला.

खरा गोंधळ गोळ्यांनी केला. म्हणजे गोळ्यांचा काही दोष नाही, दोष माझाच. आमच्या कॉलनीत आलेली वाटी रिकामी परत जात नाही. कोणी लोणचं दिलं तर जाताना वाटीत साखर तरी पडते. आणि आजाऱ्याला पाहायला आलेला माणूस आपलंही काहीतरी दुखणं घेऊनच येतो. मी खामगावच्या डॉक्टरांकडून आलो हे कळल्यावर शुक्रवारपासून माझ्या दिवाणखान्यात तोंडं उघडू लागली.

आता एक कबूल करतो. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्यापुढे आपण होऊन तोंड उघडत होते आणि त्यातून तक्रार बाहेर पडत नव्हती. मला त्याची चटक लागली. मी मोबाइलची बॅटरी लावून आत डोकावू लागलो. "हं. पाच असेल. सहाही असेल." असं म्हणायला लागलो. आणि समोरचा घाबरून "मंग काय कराचं हो साहेब?" म्हणाला की रिकाम्या हाताने पाठवणं शोभेना. दोन गोळ्या उत्तमरावांना. दोन त्यांच्या मेव्हण्याला. उत्तमराव तर म्हणाले, "हिवाळे, तुम्ही डॉक्टरच व्हाले पाह्यजे होते." त्या वाक्यावर मी त्यांना आणखी एक दिली.

शनिवारी सकाळी माणिकभाऊ आले.

माणिकभाऊंबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. समोरच्या घरात राहतात, कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले, गावाबाहेर चार एकर शेती. एके काळी हा माणूस इतका प्यायचा की पगाराच्या दिवशी जनकावहिनी कार्यालयाच्या फाटकात उभ्या राहायच्या. मग एका जानेवारीत वहिनींनी त्यांच्याकडून शब्द घेतला. एकदाच घेतला आणि सांगितलं, की पुन्हा घेणार नाही, मोडला तर मी या घरात असेन पण तुमच्याशी माझं बोलणं राहणार नाही. माणिकभाऊंनी तो शब्द बावीस वर्षं पाळला. दरवर्षी त्या तारखेच्या जवळच्या रविवारी ते शेतात रोडग्यांचं जेवण घालतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी. जेवण उरकत आलं की माणिकभाऊ उभे राहून एकच वाक्य बोलतात आणि बसतात. त्या एका वाक्यासाठी गावातल्या चार-पाच बायका आपापल्या नवऱ्यांना मुद्दाम घेऊन येतात.

"देवानंद, उद्या रोडगे हायेत अन् माही दाढ पाय कशी सुजली," ते म्हणाले. "मले चावता येऊन नाही राह्यलं."

मी बॅटरी लावली, "सहा" म्हणालो आणि दोन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. डॉक्टरीणबाई दारूबद्दल काय म्हणाल्या ते सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. माणिकभाऊंना 'दारू पिऊ नका' असं सांगणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

रविवारी शेतात पन्नासेक माणूस होतं. ऊन कोवळं, भाजी झणझणीत, म्हणजे झणझणीत असावी, मला कळत नव्हतं. माणिकभाऊंची सूज उतरली होती. त्यांनी दोन रोडगे खाल्ले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा मला धन्वंतरी झाल्यासारखं वाटलं. मग ते उभे राहिले.

"आज बावीस वर्सं झाले," ते म्हणाले, "अन् हे माह्यानं नाही झालं, जनकाच्यानं झालं."

टाळ्या वाजल्या. वहिनींनी नेहमीप्रमाणे पदर तोंडावर घेतला. माणसं हात धुऊन बडीशेप चघळत बसली. आणि पंधरावीस मिनिटांत माणिकभाऊंचा चेहरा लालभडक झाला. कपाळावर घाम आला. ते छातीवर हात ठेवून उठले, दोन पावलं तिरपी टाकली, विहिरीच्या कठड्याला धरलं आणि भडाभडा ओकले. पुन्हा उठायला गेले तर झोकांडी गेली.

पन्नास माणसांनी हे दृश्य यापूर्वी कुठे ना कुठे पाहिलेलं होतं, आणि प्रत्येकाच्या मनात एकच शब्द आला. आपल्या नवऱ्याला घेऊन आलेल्या एका बाईने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो गालातल्या गालात हसत होता.

आम्ही त्यांना जीपमध्ये घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, सलाईन लावलं आणि सगळे डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "काही घेतलं होतं का?"

"नाही," माणिकभाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'मद्यपान', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांचं काही चुकलं नाही, ते लक्षणं पाहून लिहीत होते. पण तो कागद घेऊन औषधाच्या खिडकीवर जनकावहिनी गेल्या. वहिनी सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि कनवटीला खोचला.

संध्याकाळपर्यंत माणिकभाऊ खडखडीत बरे झाले. अब्रू सोडून.

सोमवारी मी माझ्या गोळ्यांच्या पाकिटातला कागद चाळला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिथे ओळीने छापलेलं होतं. तोंड लाल होणं. धडधड. उलट्या. म्हणजे हे माझ्या गोळीने झालं होतं! क्षणभर मला वाटलं, धावत जाऊन सांगावं. पण लगेच दुसरा विचार आला आणि मी खाली बसलो. गोळीने हे होतं, पण दारू पोटात असेल तरच. मग माझी गोळी माणिकभाऊंची सुटका करत नव्हती, उलट त्यांना पकडून देत होती. खरं सांगायचं तर मलाही संशय आला. मी तो मनातून काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. शिवाय सांगायचं म्हणजे मी डॉक्टरकी केली हेही सांगावं लागणार होतं. मी दोन दिवस गप्प राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

सुवर्णा समोर जाऊन आली. "वहिनी सैपाक करतात, ताट वाढतात अन् उठून जातात," ती म्हणाली. "एक शब्द नाही. थे नुसते ताटाकडे पाह्यत बसतात."

मंगळवारी संध्याकाळी माणिकभाऊ फाटकाशी भेटले. तीन दिवसांत दाढी वाढली होती.

"देवानंद," ते म्हणाले, "तुले तरी वाटते का मी पेलो?"

पंचवीस वर्षांत माझ्यापुढे लोकांनी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, मंत्र्यांच्या नावाने धमकावून पाहिलं. मी 'फाईल वर आहे' म्हणून वेळ मारून नेली. या प्रश्नाला ते चालण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा संशय गेला. पिऊन आलेला माणूस असा विचारत नाही.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "अन् मी सिद्ध करतो."

बुधवारी सकाळी आधी दवाखान्यात गेलो. म्हटलं, निदान ते 'मद्यपान' तरी प्रश्नचिन्हासकट खोडून घ्यावं. खिडकीवरच्या बाबूने माझं ऐकून घेतलं.

"साहेब, एकदा झालेली नोंद खोडता येत नाही, हे म्या तुमाले सांगाले पाह्यजे का?" तो म्हणाला. "अर्ज करा. सोबत पेशंटचा अर्ज, ओळखपत्र, अन् नोंद चुकीची हाय याचा पुरावा."

"चुकीची कशी असेल? पुढे प्रश्नचिन्ह आहे, तो प्रश्न आहे."

"मंग खोडाचं काऊन?"

हे सगळं शब्दशः मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलेलं आहे. खिडकीच्या बाहेरून ते किती वेगळं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिथून तडक खामगाव. डॉक्टर मयुरींनी तोंडात पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हिरड्या घट्ट व्हायला लागल्या आहेत. रक्तही कमी आहे." मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणात मी सगळं सांगून टाकलं. उत्तमराव, त्यांचा मेव्हणा, माणिकभाऊ, सगळं.

त्यांनी हातातली सळई खाली ठेवली.

"काका, तुम्ही माझं औषध बुंदीसारखं वाटलंत?" त्या म्हणाल्या. "कोणाला त्याची ॲलर्जी असती तर? कोणाला आधीची दुसरी औषधं चालू असती तर? माणूस मेला असता एखादा. आणि अर्धवट कोर्स घेऊन तुमच्याही तोंडातल्या जंतूंना सवय लावलीत!"

मुलीच्या वयाच्या बाईकडून एवढं बोलणं मी कधी खाल्लं नव्हतं. मी तोंड पुन्हा उघडून दिलं. दुसऱ्या बाजूची सफाई करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते गृहस्थ खरंच पीत नाहीत?"

"मॅडम, बावीस वर्षं."

"मग घरातली औषधं पाहा. खोकल्याचं पातळ औषध, एखादं आसव, अरिष्ट. त्यातही असतं थोडं."

परतीच्या एसटीत मला जागा मिळाली होती, पण मी बसलो नाही. बसलो तर उशीर होईल असं वाटत होतं.

माणिकभाऊ ओसरीवर होते. वहिनी आत. मी दारातूनच, अर्ध्या बधिर तोंडाने, सगळं सांगितलं. मी गोळ्या दिल्या, मी तपासणी केली, मला त्यातलं काही कळत नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं मी सांगितलं नाही. असं सलग खरं मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. मग विचारलं, "वहिनी, भाऊ दुसरं काही औषध घेतात का? पातळ?"

वहिनी कपाटातून एक तपकिरी बाटली घेऊन आल्या. द्राक्षासव. दोन वर्षांपूर्वी माणिकभाऊंना अपचन व्हायला लागलं तेव्हा त्यांनीच आणलेलं. रोज जेवल्यावर दोन चमचे, त्यांच्याच हाताने. "अन् त्या दिवशी रोडगे खाल्ले ना जड," त्या हळू म्हणाल्या, "म्हून वाटीभर देलं. पिशवीत घेऊनच गेल्ती मी."

मी बाटली हातात घेतली, पण त्यांनी ती माझ्याकडून परत घेतली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं स्वतः वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द. यात आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाण. पुढे आकडा.

"म्हंजे दारू?"

"दारू नाही वहिनी, औषधच आहे. चमचाभराने काही होत नाही. पण त्या गोळीबरोबर वाटीभर..."

वहिनींनी बाटली खाली ठेवली. ओसरीवर आल्या आणि माणिकभाऊंच्या शेजारी बसल्या. तीन दिवसांनी पहिल्यांदा.

"बाप्पा," त्या म्हणाल्या, "म्हंजे बावीस वर्सं मी याहीची सोडवली, अन् दोन वर्सं झाले मीच रोज पाजून राह्यली!"

माणिकभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले.

"तुह्या हातची होती," ते म्हणाले. "म्हून कधी इचारलं नाही का हाय थे."

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, पदराने डोळे पुसले की पुन्हा हसायच्या. माणिकभाऊंचे खांदे हलायला लागले. मला काय करावं कळेना, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बधिर ओठामुळे हसू एकाच बाजूने येत होतं. तीन दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं, एवढंच कळत होतं.

मग वहिनी उठल्या. कनवटीचा केसपेपर काढला, मागच्या अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीशी गेल्या आणि त्याने जाळ लावला. एक शासकीय नोंद माझ्यादेखत, कोणत्याही अर्जाविना, प्रश्नचिन्हासकट जळाली. पंचवीस वर्षांत मी असा प्रकार होऊ दिला नव्हता. मी वरून एक काटकी टाकली.

"भाऊजी, जेवाले बसता ना?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन तास काही खाऊ नका असं सांगितलं होतं. वहिनींनी ओसरीवर तीन ताटं मांडली, एक स्वतःचं, माणिकभाऊंच्या शेजारी. मी माझ्या ताटासमोर नुसताच बसलो आणि ती दोघं जेवेपर्यंत तिथून उठलो नाही.